वीस पावलं, मग पुन्हा तंग

खोगीर घालताना घोडी पोट फुगवते. छातीखालचा पट्टा आता आवळला जाणार हे तिला कळतं, म्हणून ती श्वास भरून घेते आणि तसाच धरून ठेवते. आपण तंग ओढतो, बक्कल लावतो, आपल्याला वाटतं घट्ट बसला. मग ती निवांत श्वास सोडते आणि पट्टा खाली लोंबायला लागतो. म्हणून तंग एकदा ताणायचा, घोडीला वीस पावलं चालवायचं आणि पुन्हा ताणायचा. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम शिरली पाहिजेत. धारवाडात केलगेरीच्या तळ्यापलीकडे मी ज्यांच्याकडे घोड्यावर बसायला शिकले, त्यांनी हे मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. एकदा नाही, रोज सांगितलं होतं.

पुढे धीर राहील की नाही कोण जाणे, म्हणून आधीच लिहून टाकते. माझी कंबर मोडली ती घोडीमुळे नाही. त्या दिवशी मी दुसऱ्यांदा तंग ताणला नव्हता.

नव्वदीच्या दशकाची सुरुवात होती. मी एकोणतीस वर्षांची, एका शाळेत गणित शिकवणारी, घरात आणि बाहेर कमी बोलणारी बाई. सायकलवरून तळ्याच्या काठाने जाताना एक दिवस चार घोडे बांधलेले दिसले आणि मी उतरून बघत उभी राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहिले. तिसऱ्या दिवशी मिशा पांढऱ्या झालेला एक ताठ माणूस बाहेर आला आणि म्हणाला, "बाई, नुसतं बघायचं की शिकायचं? बघायचं असेल तर लांबून बघा, घोडे लाजतात."

ते फौजेतून दफेदार म्हणून निवृत्त झालेले. मूळचे बेळगावकडचे. सगळे त्यांना दफेदारकाका म्हणायचे, मीही म्हणू लागले. आईला मी सांगितलं की व्यायामाला जाते. ते खोटं नव्हतं, पण मी कुठला व्यायाम ते सांगितलं नाही. गप्प राहून काम भागवायची सवय मला तेव्हापासूनची, किंवा त्याच्याही आधीची.

त्या चार घोड्यांत एक घोडी होती. तांबूस अंग, काळी आयाळ, डाव्या कानाचं टोक तारेत अडकून फाटलेलं. ती काकांना स्वस्तात मिळाली होती, कारण तिला कुणी घेत नव्हतं. तिच्या डाव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा होता, नेमका आसू ओघळतो त्या वाटेवर. आमच्याकडे घोडा घेताना आधी भोवरे बघतात. कुठला कपाळावर, कुठला मानेवर, कुठला राज्य देणारा, कुठला बुडवणारा. डोळ्याखालचा म्हणजे घरात रडं आणणारा. काकूंनी त्या घोडीला दारातून आत घ्यायलाच नकार दिला होता. काका म्हणाले होते, "फौजेत घोड्याचा नंबर बघतात, भोवरा नाही." आणि घोडी मागच्या दाराने आत आणली होती.

मला तिच्याइतकं आवडलेलं त्या वयात दुसरं काही नव्हतं. वर्गात काळ्या फळ्यावर समीकरण लिहितानाही माझ्या मांड्यांना तिची दुडकी चाल आठवायची. सहा महिन्यांत मी तळ्याकाठच्या मुरमाच्या वाटेवर तिला दौडवू लागले. ज्या बाईला बसमध्ये "जरा सरकता का" म्हणायला जड जायचं, ती बाई घोडीला टाचेने सांगायची आणि घोडी ऐकायची.

पडले तो दिवस शनिवार होता. माझा मोठा भाऊ, त्याला आम्ही अण्णा म्हणतो, हुबळीहून आला होता. त्याच्याकडे नवा कॅमेरा. एव्हाना घरी कळलं होतं. आई रागावून झाली होती आणि अण्णाला फार गंमत वाटत होती. त्याला माझा घोडीवरचा फोटो हवा होता. रोलमध्ये एकच फोटो शिल्लक होता आणि ऊन तळ्याच्या पलीकडे उतरायला लागलं होतं. काका गावात गेले होते. घोडी बाहेर काढायची मला मुभा होती, इतका त्यांचा माझ्यावर भरवसा.

मी खोगीर घातलं. तंग ओढला. घोडीने पोट फुगवलंय हे मला दिसलं. मला ते दिसलं होतं. अण्णा म्हणाला, "चल की गं, ऊन जातंय." मी वीस पावलं चालवली नाही. सरळ रिकिबीत पाय घातला आणि वर बसले. अण्णा उकिडवा बसला, म्हणजे मागे आभाळ येईल, आणि त्याने फोटो काढला. मग मी त्याला दाखवायला म्हणून घोडी दौडवली. वळणावर खोगीर एका बाजूला सरकलं, अगदी हळू सरकलं असं मला आजही वाटतं, आणि मी मुरमावर बसल्यासारखी आपटले. कुठेतरी आत, कंबरेच्या वर, ओली फांदी मोडावी तसं झालं.

घोडी घाबरली. पोटाखाली लोंबणाऱ्या खोगिरावर लाथा झाडत पळाली आणि बाभळीत घुसली. ती सापडली तेव्हा तंग तुटलेला होता. तेवढ्याने माझं फावलं. तुटलेल्या पट्ट्याकडे बघून तो आधी सैल होता की काय, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

काका इस्पितळात आले तेव्हा मी पाठीवर पडलेली होते. मणका चेपला होता. त्यांनी खुर्ची ओढली नाही, उभेच राहिले.

"बाई, एक विचारतो. तंग दुसऱ्यांदा ताणला होता ना?"

मी छताकडे बघत म्हटलं, "हो, काका."

"मग घोडीच," ते म्हणाले. "म्हणजे मीच. भोवरा दिसत होता. सगळे सांगत होते. माझ्या हट्टाने तुमचं हे झालं. मला माफ करा."

आणि मी त्यांना माफ केलं. हे वाक्य मी पुष्कळदा मनात लिहून बघितलं आहे. मी पडल्या पडल्या हात हलवून म्हटलं, "असू दे काका."

फोटो तीन आठवड्यांनी आला. अण्णाने तो मोठा करून आणला होता. आईने बघून तोंड फिरवलं. अण्णा म्हणाला, "काहीही म्हण, मस्त आलाय." खरंच मस्त आला होता. मागे आभाळ, वर मी, ओळखू येणार नाही इतकी हसणारी. आणि खालून काढल्यामुळे घोडीचं पोट स्वच्छ दिसत होतं, आणि पोटाखाली तंग, आणि तंग आणि पोट यांच्यामधून पलीकडचं तळं दिसत होतं. एक पट्टी भरून पाणी. आमच्या घरात कुणाला घोड्यातलं काही कळत नव्हतं. मी फोटो जुन्या गणिताच्या पुस्तकात ठेवला आणि पुस्तक ट्रंकेत.

काकांनी घोडी विकली. मला कळलं तेव्हा मी उठून बसायला शिकत होते. कुणाला विकली ते मी विचारलं नाही.

दुखण्याविषयी काय सांगू. पाठ मोडलेल्या माणसाला लोक फार उपाय सांगतात. एरंडेल, विटेचा शेक, हुबळीतला एक हाडं बसवणारा. हाड जुळलं, मी शाळेत परत गेले, पण दुखणं राहिलं. खडू खाली पडला की उचलायला मुलं धावायची. लग्नाच्या पंगतीत सगळे खाली आणि मी एकटी खुर्चीवर, ताट मांडीवर घेऊन. धारवाडहून हुबळीला बसने जाताना नवलूरच्या आसपास मला उभं राहावंसं वाटायचं आणि रायापूर येईपर्यंत मी उभी असायचे, मागची जागा रिकामी असली तरी. डॉक्टरांनी कंबरेला पट्टा दिला होता. तो मी रोज सकाळी बांधायचे, घरात चार फेऱ्या मारायचे आणि पुन्हा ताणायचे. न चुकता दोनदा. आरशात बघायचे नाही.

काका पहिलं वर्षभर दर रविवारी यायचे. परसातल्या गवती चहाची जुडी घेऊन यायचे, ओट्यावर ठेवायचे, दहा मिनिटं बसायचे. "दुखतंय का?" "थोडं." एवढं बोलणं. पुढे महिन्याने, मग सणाला. त्यांनी मोठ्यांना शिकवणं सोडलं होतं. दोन घोडे ठेवले होते, लहान मुलांना दोरीने धरून फिरवायचे. नवा घोडा घेताना म्हणे ते आता बॅटरी लावून भोवरे बघत. हे मला त्यांच्याच गल्लीतल्या एका पालकाने हसत सांगितलं. मी पण हसले असेन.

अशी नऊ वर्षं गेली.

शाळेच्या स्नेहसंमेलनाला पडद्यांचं कापड घ्यायला मी हुबळीत दुर्गदबैलच्या बाजारात गेले होते. दुपारची वेळ. हातगाड्या, रिक्षा, धान्याची पोती यांतून एक वरात वाट काढत होती. पुढे बँड, मागे घोडी, घोडीवर घामाघूम झालेला जाडजूड नवरदेव, दोन्ही हातांनी खोगीर धरून बसलेला. घोडी ढोलाच्या ठेक्यावर पुढचे पाय उचलून नाचत होती. मी दुकानाच्या पायरीवर सरकून उभी राहिले. घोडी जवळ आली. तोंडावर मण्यांची झालर, कपाळावर आरसे, गळ्यात घुंगरं. आणि डावा कान फाटलेला.

ती माझ्यासमोर थांबली, कारण बँडही थांबला होता. पुढे हातगाडी आडवी आली होती. घोडीने माशी उडवायला मान झटकली. झालर बाजूला झाली. डोळ्याखाली भोवरा.

माझ्या हातातलं कापडाचं गाठोडं मी दुकानदाराकडे टाकलं. "आलेच," म्हटलं आणि वरातीत शिरले. बँडच्या मागून, बायकांच्या मधून, मी भराभर चालत होते. पट्टा घातलेली, नऊ वर्षं कुठेही भराभर न चाललेली बाई. कंबरेतून कळ येत होती आणि मला तिची पर्वा नव्हती. ती जिवंत होती. चकचकीत होती. नाचत होती. मला वाटत होतं की कुणाला तरी धरून सांगावं, ही बघा, ही.

कार्यालयाच्या दाराशी नवरदेव उतरला तेव्हा मी घोडीवाल्याला गाठलं. माझ्याच वयाचा, रापलेला, डोक्याला फेटा. कानडी वळणाचं मराठी बोलायचा.

"दादा, ही घोडी तुमची?"

"माझीच की. लग्न कुणाचं, अक्का?"

"लग्न नाही. मला बसायचंय."

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "वरातीत पोराला बसवतात अक्का. पोरीला मोटार."

शेजारचा ढोलवाला हसला. मी म्हटलं, "वरात नको. नुसतं बसायचंय. दौडवायचीय."

घोडीवाला मात्र हसला नाही. "ते नाही. ही घोडी पळवत नाही आम्ही."

"का?"

"विकताना त्या म्हाताऱ्याने तिच्या मानेवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. चाल सोडून हिला पळवायची नाही. हिने एका मास्तरणीची कंबर मोडलीय."

"मग इतकी वर्षं?"

"चालते. नाचते. पळत नाही."

"आणि हा भोवरा?"

"त्याच्यावर मणी सोडले की झालं. नवरदेव काय वाकून बघतोय?" तो झालर सारखी करत म्हणाला. मग जरा आवाज उतरवून, "ती मास्तरीण मात्र वाकडी झाली म्हणे कायमची."

मी तिथे पट्ट्यात सरळ उभी होते. मला हसू आलं. माझी पाठ दुखत होती हे खरं. पण मी नऊ वर्षं चालत होते, शिकवत होते, कापड घेत होते. आणि जिच्या दौडण्यावर माझा जीव होता, ती घोडी नऊ वर्षं माझ्या एका "हो"मुळे दौडली नव्हती.

"शपथ सुटली तर पळवू द्याल?" मी विचारलं.

"ज्याने घातली त्याने सोडवावी. मग काय, मलाही बघायचंय की ती कशी पळते. रायापुरात घर आहे माझं. या कधी पण."

त्या आठवड्यात मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नवा एक्स-रे काढला, उजेडात धरला. घोड्यावर बसू का, असं विचारल्यावर त्यांनी चष्मा काढला. "हाड केव्हाच जुळलंय. दुखेल. बरंच दुखेल. पण बसल्याने मोडणार नाही. पडू नका म्हणजे झालं." मी जिना उतरले तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे ते मला चार वर्षांपूर्वीही म्हणाले असते, मी विचारलं असतं तर. मी विचारलं नव्हतं. दुखतंय म्हणजे काहीतरी फिटतंय, असा माझा मनाशी व्यवहार चालला होता. व्यवहार सोपा होता, कारण त्यात कुणाशी बोलावं लागत नव्हतं.

रविवारी सकाळी मी ट्रंक उघडली, पुस्तकातून फोटो काढला आणि केलगेरीला गेले. 

काका अंगणात लगामाला तेल लावत होते. काकू पायरीवर तांदूळ निवडत होत्या. मला बघून काका उठले. "बाई, तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब, मी आलो असतो."

मी फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरला, मग चष्मा आणायला आत गेले, मग बाहेर येऊन उजेडाकडे वळून उभे राहिले. मला बोलायचं होतं पण बोलायची गरज पडली नाही. त्यांचा अंगठा फोटोवरून सरकत सरकत घोडीच्या पोटाखाली थांबला.

"दोन बोटं नाही," ते म्हणाले. "पंजा जातोय."

"मी दुसऱ्यांदा ताणला नव्हता, काका. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले."

काकूंनी सूप खाली ठेवलं. "म्हणजे? घोडी नव्हती?"

"नव्हती काकू. मी होते."

"अगं बाई." काकू माझ्याकडे नाही, काकांकडे बघत होत्या. "आणि मी ह्यांना नऊ वर्षं बोलते आहे. जेवताना बोलते, झोपताना बोलते. तुमच्या हट्टाने पोरीचं वाटोळं झालं म्हणून." त्यांनी तांदळात हात घातला आणि तसाच ठेवला. "एवढं सगळं मी फुकटच बोलले?"

काका आत गेले. मला वाटलं संपलं. दार लावून घेतील आणि मी परत जाईन, आणि ते बरोबरच होईल. काकूंनी मला बस म्हटलं नाही आणि जा पण म्हटलं नाही. मग ते बाहेर आले. पायांत बूट, खांद्यावर जुनं खोगीर.

"कुठे आहे ती?"

"रायापूरला."

"चल."

त्याआधी ते मला कधी 'चल' म्हणाले नव्हते, 'चला' म्हणायचे. रिक्षात खोगीर आमच्या दोघांच्या मध्ये होतं. शहर मागे पडेपर्यंत ते बाहेर बघत होते. मग एकदाच बोलले, तेही माझ्याकडे न बघता. "चाळीस वर्षं घोडे ओळखत होतो मी. तुझ्यावर विश्वास ठेवला आणि भोवरे बघत बसलो."

मी हात मांडीवर ठेवून बसले. रस्त्याचा प्रत्येक खड्डा कंबरेत लागत होता.

घोडीवाल्याच्या घरामागे गोठा होता आणि पलीकडे काढणी झालेल्या जोंधळ्याच्या शेतांमधून एक लांब सरळ गाडीवाट. घोडी मण्यांशिवाय उभी होती. काकांनी तिचे खूर उचलून बघितले, दात बघितले, गुडघ्यांवरून हात फिरवला. तिने त्यांचा खिसा हुंगला आणि त्यांच्या बाहीवर शिंकली. मग त्यांनी तिच्या डोळ्याखालच्या भोवऱ्यावर अंगठा फिरवला, एकदा सुलट, एकदा उलट.

"केस उलटे फिरलेत," ते म्हणाले. "एवढंच." आणि तिच्या मानेवर हात ठेवून घोडीवाल्याला म्हणाले, "मी घातलेली शपथ मी सोडवली. हिने कुणाची कंबर मोडली नाही. ती बाई खोटं बोलली होती."

"कुठली बाई?"

"ही."

घोडीवाल्याने माझ्याकडे बघितलं, माझ्या पाठीकडे बघितलं. "वाकडी कुठं आहे मग?"

काकांनी खोगीर माझ्यापुढे ठेवलं. मदत केली नाही. मी ते उचललं, तिच्या पाठीवर टाकलं, आणि वाकून पोटाखालून तंग घेतला. वाकणं म्हणजे त्या जागेवर सुरी. नऊ वर्षं मी ज्या कोनात वाकायचं टाळत होते, नेमका तोच कोन. मी तंग ओढला. घोडीने पोट फुगवलं. तेच फुगवणं, तीच लबाड शांत मुद्रा, आणि मला इतका आनंद झाला की मी तिच्या कुशीवर कपाळ टेकलं.

"लाड नंतर," काका म्हणाले. "चालव."

मी तिला वीस पावलं चालवलं. मोठ्याने मोजत होते. मागून काकाही मोजत होते, हळू. वीस झाल्यावर मी पुन्हा वाकले आणि ओढला. दोन भोकं आत गेला.

काकांनी येऊन बोटं घालून बघितली. "आणखी एक."

आणखी एक.

कपडे धुवायच्या दगडावर चढून मी पाय टाकला. वर बसल्यावर जग तेवढंच उंच झालं जेवढं तेव्हा व्हायचं. ही उंची मी विसरलेच नव्हते. चाल ठीक होती. मग दुडकी, आणि दुडकीत प्रत्येक पावलाला कोणीतरी त्या मणक्यावर हातोडी मारत होतं. दात आवळून मी रिकिबीत उठत बसत राहिले. उठण्याचा ठेका सापडला तशी हातोडी एक पाऊल सोडून पडू लागली. दुखत होतं. ते दुखणं आता नुसतं दुखणं होतं, त्यातून काही फिटत नव्हतं.

गाडीवाटेच्या तोंडाशी मी टाच लावली. आणि घोडी पळालीच नाही. ती जागच्या जागी नाचायला लागली. नऊ वर्षं टाच लागली की नाचायचं हेच तिला ठाऊक. पुढचे पाय उचलून, मान वळवून, ढोल नसताना ढोलाचा ठेका धरून ती त्या रिकाम्या शेतांपुढे नाचत होती आणि मी तिच्यावर खालीवर आपटत होते. "अयाई गं" म्हणता म्हणता मला हसू फुटलं. थांबेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मागून काका घोडीवाल्याला म्हणाले, "नवरीला हसू आवरेना." आणि मग मला, फौजेतल्या आवाजात, "लगाम सोड. तिला धरून ठेवलंयस तू. मान मोकळी कर आणि पुढे झुक."

मी लगाम सैल केला. पुढे झुकले, तिच्या फाटक्या कानाजवळ. ती दोन पावलं गोंधळली. एक पाऊल नाचाचं पडलं, एक दुडकीचं, आणि मग तिच्या मागच्या पायांना काहीतरी आठवलं. माझ्याखाली तिची पाठ लांब झाली. जोंधळ्याची धसकटं दोन्ही बाजूंनी मागे पळायला लागली, वारा डोळ्यांत आला, आणि तिचा श्वास मला ऐकू यायला लागला, दर झेपेला एक. दौडीत हातोडी नव्हती. दौडीत मी झोपाळ्यावर बसल्यासारखी होते. वाट संपेपर्यंत आम्ही गेलो, वळलो, वळणावर माझं काळीज एकदा थांबलं आणि खोगीर जागचं हललं नाही. तिथून परत भरधाव. घोडीवाला फेटा हातात घेऊन उभा होता. "अरे, ही तर पळते की," तो स्वतःशीच म्हणत होता, पुन्हा पुन्हा.

उतरताना मला दोघांनी धरावं लागलं. कंबर पेटली होती, पुढचे चार दिवस मला खुर्चीतून उठताना भिंत धरावी लागणार होती आणि ते मला तेव्हाच कळत होतं. घोडी घामाने काळी झाली होती आणि नाकपुड्या फुलवून इकडेतिकडे बघत होती, जणू आणखी कुठे वाट आहे का.

मी काकांकडे वळले. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी माझ्याकडे मागितली होती ती माफी आता मला मागायची होती. शब्द तयार होते. त्यांनी मला बोलू दिलं नाही.

"आधी तंग सैल कर," ते म्हणाले. "किती वेळ आवळून ठेवणार तिला? तिलाही श्वास घेऊ दे."

मी वाकले. बक्कल काढलं, दोन भोकं सोडली. घोडीने मोठा, लांब श्वास सोडला.

काकांनी मला माफ केलं असं ते त्या दिवशी म्हणाले नाहीत, नंतरही कधी नाही. पण रिक्षात बसताना खोगीर त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं. "घरी ने. तेल लाव. पुढच्या रविवारी सहाला इथे," ते म्हणाले. "आणि कंबरेला पट्टा बांधून येऊ नकोस. दोघींत घोडीचा एक पुरे आहे."